अथेन्सची सोडत

प्रश्न : मागे आमच्या प्रभागाच्या आरक्षणाची सोडत निघाली, तेव्हा एका शाळकरी मुलीने काचेच्या बरणीतून चिठ्ठी काढली. प्राचीन अथेन्समध्ये तर अधिकारीच असे सोडतीने नेमत, असे वाचनात आले. एवढ्या विचारी लोकांनी कारभार नशिबावर कसा सोडला?
— एक निवृत्त शिक्षक, महाल, नागपूर

उत्तर : ही शंका सॉक्रेटिसाच्या नावावरही नोंदलेली आहे. सुकाणू धरणारा किंवा सुतार कोणी सोडतीने नेमत नाही, मग राज्याचे अधिकारी तसे का नेमावेत, असे तो तरुणांना शिकवतो, हा त्याच्यावरील एक ठपका त्याचा शिष्य झेनोफोनने नमूद केला आहे. गंमत अशी की, इ.स.पू. ४०६ मध्ये हाच सॉक्रेटिस सोडतीतून, लोकसभेपुढचे कामकाज ठरवणाऱ्या पाचशे जणांच्या मंडळावर आलेला होता आणि आर्गिनुसाईच्या आरमारी लढाईनंतर, बुडणाऱ्यांना न वाचवल्याबद्दल सेनापतींचा एकत्रित निवाडा करण्याच्या बेकायदा प्रस्तावाला त्याने त्याच नात्याने विरोध केला.

समसमान मते पडली की आपण काढतो तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतो. अथेन्सचा हिशेब मात्र बराचसा व्यवहारी होता. निवडणुकीत घराणे, पैसा आणि वक्तृत्व यांचे पारडे जड होते, म्हणून सोडत ही लोकशाहीची आणि निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची खूण मानली जाते, असे ॲरिस्टॉटल लिहितो. शिवाय सगळेच सोडतीवर नव्हते. युद्धाला कसब लागते, म्हणून दहा सेनापती हात वर करून निवडत आणि त्यांना पुन्हापुन्हा निवडून येण्याची मुभा होती. अथेन्सचा गाजलेला नेता पेरिक्लीस याचा दबदबा याच पदावर उभा होता. मंडळाचे सदस्यत्व मात्र एका वर्षाचे, तेही आयुष्यात फार तर दोनदा. पदावर येण्यापूर्वी छाननी होई आणि उतरताना हिशेब द्यावा लागे. (स्त्रिया, गुलाम आणि परके रहिवासी या साऱ्यातून वगळलेले होते, हेही विसरू नये.)

इ.स.पू. चौथ्या शतकातील न्यायालयांची सोडत तर पाहण्यासारखी होती. उभ्या फळीवर खाचांच्या रांगा असत. प्रत्येक इच्छुक आपले, वडिलांचे आणि गावाचे नाव कोरलेली छोटी पट्टी देई आणि ती एका खाचेत बसवली जाई. फळीच्या कडेच्या नळीत काळे-पांढरे गोळे ओतत. एकेक गोळा बाहेर पडे : पांढरा आला की त्या आडव्या ओळीतले सगळे त्या दिवसाचे न्यायाधीश, काळा आला की सगळे घरी. कोणत्या खटल्यात कोण बसणार हे त्या सकाळपर्यंत कोणालाच कळत नसल्यामुळे आदल्या रात्री पैशांची थैली घेऊन जायचे तरी कोणाकडे?

ही भीती कल्पनेतली नव्हती. न्यायाधीशांना लाच देण्याची सुरुवात अनितसने केली, असे अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील, ॲरिस्टॉटलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात म्हटले आहे, आणि इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसावर खटला भरणाऱ्या तिघांपैकी एक हाच अनितस होता.