चाकातला घूं-घूं आवाज: आधी बाजू ओळख

गाडी जुनी आहे म्हणून आवाज येणारच, असं मनात आणू नकोस. पहाटे कात्रज घाटाकडे जा, रस्ता मोकळा असतो. चाळीसच्या वेगाला क्षणभर न्यूट्रल कर. इंजिन शांत झालं तरी घूं-घूं राहिली, तर ती चाकांची. उजव्या वळणावर ती वाढली तर बहुधा डाव्या चाकाचं बेअरिंग (ज्या गोळ्या-रोलरांवर चाक फिरतं तो भाग) गेलंय, कारण वजन तिकडे जातं. टायर वेडेवाकडे झिजले असतील तरी असाच आवाज येतो, तेही बघ.

मग जॅक लाव, पण खाली स्टँड हवेतच. एका हाताने त्या चाकाची सस्पेन्शनची स्प्रिंग धरून चाक फिरव. खरखर हाताला कळते.

पुण्यात नाना पेठेत सुटा भाग घेताना जुनं बेअरिंग सोबत ने, त्यावरचा नंबर जुळव. पुढच्या चाकांत टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरांचं बेअरिंग, असेल तर बाहेरचा कप, म्हणजे बाहेरची कडी, तीही बदल. नवा कोन (रोलर असलेला आतला भाग) जुन्या कपात अजिबात नको! ग्रीस रोलरांच्या आत दाबून भर. चाक फिरवत नट घट्ट कर, मग किंचित सैल सोड. ऑइल सील (ग्रीस बाहेर न येऊ देणारी कडी) आणि स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी) नवीच घाल.