लेकीला सेफ्टी ऑफिसर व्हायचंय

प्रश्न : मी सूतगिरणीत कार्डिंग खात्यात (कापूस पिंजतात तिथे) 22 वर्षं आहे. मुलगी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सेफ्टी ऑफिसर व्हायचंय. दिवसभर 'हेल्मेट घाला' म्हणत फिरायचं, ही काय नोकरी? त्यापेक्षा बी.एड. बरं ना? मला खोकला असतो, सुट्टीनंतर पाळीला गेलं की छाती आवळते. म्हणून तिचं लवकर मार्गी लागावं असं वाटतं.
– एक वडील

नमस्कार दादा,

मुलीचं नंतर बघू, आधी तुमचं. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळणं, ही कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या बिसिनोसिसची ओळखीची खूण आहे. तुम्हाला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण 1948च्या जुन्या कारखाना कायद्यातही कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत तो सिलिकोसिसच्या, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराच्या पंगतीला होता. ईएसआयच्या दवाखान्यात नुसता 'खोकला' सांगू नका. खातं कुठलं, वर्षं किती, तेही सांगा.

आता लेकीचं. धूळ कुठून उडते, ती ओढून घेणारी यंत्रणा चालते की नुसती भिंतीवर आहे, कामगारांची तपासणी खरंच होते की कागदावर, हे तिचं काम. मास्क आणि हेल्मेट ही शेवटची पायरी. तुमच्या खात्यात असं बघणारं कुणी असतं, तर हे पत्र बहुधा वेगळं असतं.

मागणी आहे. जुन्या कायद्यात 1000 कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता, त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत 500 कामगारांनाच. केमिस्ट्रीची पदवी चालते, पण कारखान्यात सुपरवायझर म्हणून अनुभव आणि औद्योगिक सुरक्षेची पदविका लागते. म्हणून पदवीनंतर लगेच फी भरू नका. आधी तिला एखाद्या कारखान्यात शिरू दे. मग राज्य तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता असलेली संस्था किंवा मुंबईत शीवची केंद्रीय श्रम संस्था बघा. प्रवेशाच्या अटी तिथूनच विचारा. 'तीन महिन्यांत सेफ्टी ऑफिसर'वाल्या फलकांच्या नादी लागू नका. आणि हो, कामगारांची भाषा येणं ही नियमातलीच अट आहे. गिरणीची बोली तिला घरीच मिळाली.

बी.एड. वाईट नाही, पण तिला ते नकोय.

एक वही घ्या. कुठल्या पाळीला छाती आवळली, कधी हलकं वाटलं, तारीखवार लिहायचं. लिहायला लेकीलाच बसवा आणि डॉक्टरकडे जाताना तिलाही बरोबर न्या.