‘नाही’ लिहिलेले ते रकाने आधी दुरुस्त कर

*ताई, मी 25 वर्षांचा आहे. कॉलेजात असताना गणपतीच्या मिरवणुकीत मारामारी झाली. आम्हा चौघांवर भारतीय दंड संहितेची 324, 323, 504 ही मारहाण-शिवीगाळीची कलमं लागली, एक रात्र लॉकअपमध्ये गेली. पुढे गावात तडजोड झाली, कोर्टाने सोडून दिलं. आता वनरक्षकाच्या निवड यादीत नाव आलंय. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची माहिती सही करून द्यायच्या फॉर्ममध्ये, मामा म्हणाले तसं सगळीकडे ‘नाही’ लिहिलं. पण लग्न ठरतंय, आणि मुलीकडच्यांना हे कळलं तर काय, या विचाराने झोप लागत नाही.*

झोप उडायला हवी ती मामांच्या त्या ‘नाही’ने.

अटक झाली होती का, खटला चालला होता का, शिक्षा झाली होती का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. शिक्षेपुढे ‘नाही’ बरोबर आहे. पहिल्या दोन्हींपुढे ते खोटं आहे, आणि खाली सही मामांची नाही, तुझी आहे. निर्दोष सुटलास म्हणून अटक झालीच नव्हती असं होत नाही.

हा नमुना पडताळणीला पोलिसांकडे जातो. सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या गुन्हे नोंदीच्या संगणक यंत्रणेवर, नाव टाकलं की गुन्हा दिसतो. कित्येकदा निकालाची नोंद चढवलेलीच नसते, मग सुटलेल्या माणसाचं प्रकरणही प्रलंबित दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग प्रकरणात सांगून ठेवलंय की अटक असो वा सुटका, माहिती खरीच द्यायची. किरकोळ गुन्ह्याकडे खातं काणाडोळा करू शकतं, पण तो त्यांचा अधिकार, तुझा हक्क नव्हे. दिल्ली पोलिसांच्या भरतीत एकाने अर्जात ‘नाही’ लिहिलं होतं आणि साक्षांकन नमुन्यात स्वतःहून खरं सांगितलं. तरीही निवड रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला तेव्हा 2011 उजाडलं होतं.

तेव्हा उद्याच नियुक्ती देणाऱ्या कार्यालयात लेखी अर्ज दे. ‘अमुक रकान्यांत मी नाही लिहिलं, ते चुकीचं आहे’ असं सरळ लिही. मामांचं नाव नको, रडगाणं नको. गुन्हा रजिस्टर नंबर, पोलीस ठाणं, कलमं, अटकेची तारीख, खटल्याचा नंबर, निकालाची तारीख, एवढंच. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.

आणि अर्जात ‘तडजोड’ लिहू नकोस. 324 कोर्टात आपसात मिटवता येत नाही. बहुधा फिर्यादी साक्षीत फिरला आणि पुराव्याअभावी तुम्ही सुटलात. निकालपत्रात जे शब्द असतील तेच उतरव. खटल्याचा नंबर ई-कोर्ट्सच्या साइटवर नाव टाकून मिळेल. तो घेऊन कोर्टाच्या नक्कल विभागात निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज कर. प्रत यायला वेळ लागतो, म्हणून खात्याला द्यायचा अर्ज अडवून ठेवू नकोस, प्रत मागाहून जोड. निकालाची एक प्रत पोलीस ठाण्यातही दे आणि निकालाची नोंद घ्या असं लेखी माग.

नोकरी नक्की वाचेल असं वचन मी देत नाही. गप्प बसलास तर मात्र पडताळणीत पकडला जाशील, आणि मग मारामारीपेक्षा लपवाछपवीच जड जाईल.

राहिलं लग्न. ई-कोर्ट्सच्या त्या साइटवर मुलीचा भाऊही तुझं नाव टाकू शकतो. त्याआधी निकालाची प्रत घेऊन तूच जा, आणि मामांना घरी ठेव.