कौटुंबिक हिंसाचाराला समाज काय उत्तर देतो, यावर आयुष्यभर संशोधन करण्यासारखं काय असतं?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यूचं (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं) दुसरं वर्ष चालू आहे, पीएचडी याच विषयात करायची आहे, आणि घरचे म्हणतात, "बाई सोसते, पोलीस लक्ष देत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर काय शोधणार?" मी समाजकार्य शिकवते आणि माझं बहुतेक संशोधन याच विषयातलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

शोधण्यासारखं पुष्कळ आहे. बाईला मार बसतो हे सगळ्यांना माहीत असतं. तिने तो कुणाला तरी सांगितला, त्यानंतर काय काय झालं, याची माहिती मात्र सलग अशी कुठेच मिळत नाही. आई, जाऊ, शेजारीण, आशाताई, दवाखान्यातले डॉक्टर, ठाणे अंमलदार, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी, न्यायाधीश यांतला प्रत्येक जण तिला काहीतरी उत्तर देतो. गप्प बसणं हेही उत्तरच असतं. त्या उत्तरांमुळे ती जास्त सुरक्षित झाली की आणखी अडकली, हे शोधायचं. माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न एवढाच आहे, आणि एका आयुष्यात तो संपत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतले (२०१९-२१) आकडे बघा. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्क्यांनी ती थांबावी म्हणून कुणाची तरी मदत मागितली होती. ७७ टक्क्यांनी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. हा ७७चा आकडा भाषणांत "बायका बोलत नाहीत" म्हणून वापरला जातो, तेव्हा मला राग येतो. बोललं तर काय ऐकायला मिळेल, याचा अंदाज बाईला असतो. बहिणीचं, शेजारणीचं काय झालं हे तिने पाहिलेलं असतं. त्यामुळे हा आकडा मी तिच्या स्वभावाबद्दलचा मानत नाही. ऐकणाऱ्यांबद्दल तो जास्त सांगतो.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं ते सांगते. आपल्याकडे पहिलं उत्तर बहुतेक वेळा घरातूनच येतं. माहेरची चार माणसं येतात, बैठक बसते, नवऱ्याला सगळ्यांसमोर बोललं जातं आणि पुन्हा हात उचलणार नाही असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं जातं. या बैठकांना नुसती नावं ठेवून संशोधन होत नाही. कोण बोललं, बाई बोलली का, तिला बोलायला सांगितलं तेव्हा सासू समोर होती का, कागदात तिच्याकडूनही काही लिहून घेतलं का, हे तपशील गोळा करावे लागतात. मी पाहिलेल्या अशा कागदांत नवऱ्याच्या वचनाखाली बायकोचंही वचन असतं. न विचारता माहेरी जाणार नाही, फोनवर जास्त बोलणार नाही, सासू-सासऱ्यांना उलट उत्तर देणार नाही. मार खाल्लेली बाई चांगल्या वागणुकीची हमी देऊन परत जाते, आणि बैठकीला आलेल्या माणसांना मनापासून वाटत असतं की आपण तिचं भलं केलं.

याच्या शेजारी कायदा ठेवून बघा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यातल्या कलम १८ खाली न्यायालयाने संरक्षण आदेश दिला आणि नवऱ्याने तो मोडला, तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्टॅम्प पेपर मोडला तर तशी कुठलीच शिक्षा नाही. तरीही लोक आधी स्टॅम्प पेपरकडे का जातात? एक कारण वेळ. बैठक दोन दिवसांत बसते. न्यायालयात आलेला अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो, पण प्रत्यक्षात तारखा लांबत जातात. दुसरं कारण असं की बैठकीतली माणसं तिच्या रोजच्या जगण्यातली असतात आणि उद्याही तिथेच असणार असतात. कोणतीही नवी योजना आखताना या दोन गोष्टी लक्षात घेतल्या नाहीत, तर ती कागदावरच राहते. शेजाऱ्यांनाही या कायद्यात जागा आहे. कलम ४ प्रमाणे हिंसा होतेय असं वाटणारा कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेने कळवलं असेल तर त्याच्यावर कुठलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. हे किती शेजाऱ्यांना माहीत आहे, आणि माहीत असूनही ते का कळवत नाहीत, हा एका प्रबंधाचा विषय सहज होईल.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीमही अशीच बघा. २००७ साली ती सुरू झाली आणि गाव तंटामुक्त ठरलं की पुरस्कार मिळू लागला. अशा गावात नवरा-बायकोचा वाद गावच्या तंटामुक्ती समितीपुढे आला तर तो मिटवण्याची घाई कुणाला असते, आणि मिटला म्हणजे नक्की काय झालं? यावर नीट क्षेत्रकार्य व्हायला हवं.

दुसरं मोठं काम म्हणजे कागद वाचणं. नवख्यांना ते कंटाळवाणं वाटतं, मला मात्र त्यातूनच सगळ्यात जास्त समजलं. पोलीस ठाण्यातल्या अर्जांवर शेवटी एक ठरावीक मजकूर येतो: उभयतांना समज देऊन पाठवले, अर्जदार यांची काही तक्रार नसल्याने अर्ज दप्तरी दाखल. त्या दोन ओळींपर्यंत पोहोचताना काय गळालं ते शोधायचं. तिची काही तक्रार नाही, हे तिने नवऱ्यासमोर सांगितलं की एकटीने? त्या रात्री ती कुठे झोपली? अर्जात नुसतं "मारहाण केली" असं असतं, पण गळा दाबला होता का, हे कुणी विचारलं का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेत परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८५मध्ये जिवाला असलेला धोका जोखणारी प्रश्नावली तयार केली. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या पुढच्या संशोधनात दिसलं की आधी गळा आवळलेला असणं हे पुढच्या खुनाच्या धोक्याचं मोठं लक्षण आहे, आणि बाई घर सोडते तो काळही अतिशय धोक्याचा असतो. म्हणजे "सोडून दे त्याला" हा सल्ला सुरक्षिततेची तयारी न करता दिला, तर तो घातक ठरू शकतो. हे संशोधनाशिवाय कळलं नसतं.

कागद वाचण्याची ही पद्धत एलन पेन्स यांनी फार पुढे नेली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरात १९८०च्या सुमारास पोलीस, सरकारी वकील, न्यायालय, प्रोबेशन अधिकारी आणि महिलांचं आश्रयगृह यांनी एकमेकांशी ठरवून काम करायचं, असा प्रकल्प उभा राहिला. पेन्स त्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी होत्या. 'सत्ता आणि नियंत्रण' चक्राची आकृती तुम्ही वर्गात पाहिली असेल. ती तिथलीच, १९८४ची, मार सोसलेल्या स्त्रियांच्या गटचर्चांमधून आलेली. पुढे पेन्स यांनी प्रकरण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना बाईची सुरक्षितता कुठे हरवते, हे फॉर्म आणि अहवाल वाचून शोधायला सुरुवात केली. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. प्रत्येक मारणाऱ्या पुरुषाला सत्ताच हवी असते, हे गृहीतक धरून आपण आपल्याला हवं तेच पाहत होतो, असं त्यांनी नंतर स्वतः लिहिलं. तोवर डुलुथचा नमुना अनेक देशांत पोहोचला होता.

एका अभ्यासावर धोरण उभं केलं की काय होतं, याचं उदाहरण त्याच राज्यातलं आहे. मिनिआपोलिसमध्ये १९८१-८२ साली लॉरेन्स शेरमन आणि रिचर्ड बर्क यांनी प्रयोग केला. किरकोळ मारहाणीच्या प्रकरणात पोलिसांनी अटक करायची, नवऱ्याला काही तास घराबाहेर पाठवायचं की समजावून सांगायचं, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं गेलं. पुढच्या सहा महिन्यांत पोलीस नोंदींप्रमाणे पुन्हा हिंसा झाली ती अटकेच्या गटात १० टक्के, समजावलेल्यांत १९ टक्के आणि बाहेर पाठवलेल्यांत २४ टक्के. निष्कर्ष १९८४मध्ये आले आणि अनेक राज्यांनी अटकेचे नियम कडक केले. मग ओमाहा, शार्लट, मिल्वॉकी वगैरे शहरांत हाच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा चित्र इतकं सरळ निघालं नाही. मिल्वॉकीत नोकरी असलेल्या पुरुषांवर अटकेचा धाक बसला, बेरोजगारांमध्ये मात्र हिंसा उलट वाढली. अटक करू नये असा याचा अर्थ मी घेत नाही. अटकेनंतर तो सुटून येईल त्या दिवशी बाईसोबत कोण असेल, हे आधी ठरलेलं असावं, असा घेते.

आपल्याकडेही याचा विचार बराच आधी सुरू झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या इमारतीत बसू लागल्या. लोक त्याला नुसतं 'सेल' म्हणतात. २०००च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्था आणि महापालिका यांनी मिळून 'दिलासा' केंद्र उभं केलं, कारण पोलिसांकडे न जाणारी बाई जखम घेऊन दवाखान्यात येते. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला अभिमान वाटावा अशी ही कामं आहेत. तुमचं क्षेत्रकार्य सेलमध्ये लागलं, तर ते टाळू नका.

समाजाचं मत बदलता येतं का, यावर आता चांगले प्रयोग झालेत. युगांडातल्या कंपाला शहरात, बायकांवरच्या हिंसेबद्दल वस्तीतल्या लोकांची मतं बदलू पाहणाऱ्या 'सासा!' नावाच्या कार्यक्रमाचा आठ वस्त्यांत अभ्यास झाला, चार वस्त्यांत कार्यक्रम, चारांत नाही. २०१२च्या पाहणीत कार्यक्रम झालेल्या वस्त्यांत जोडीदाराची शारीरिक हिंसा ५२ टक्क्यांनी कमी दिसली. हा आकडा सगळीकडे मिरवला जातो. विद्यार्थ्यांना मी तो सांगते आणि लगेच हेही सांगते की वस्त्या आठच असल्यामुळे त्यातली अनिश्चितता खूप मोठी होती. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो: त्या वस्त्यांत हिंसा सोसणाऱ्या बायकांना आजूबाजूच्या लोकांकडून आधाराचं उत्तर मिळण्याचं प्रमाण वाढलं.

मुलाखतींबद्दल सांगायलाच हवं, कारण इथे चूक झाली तर मार बाईला बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने या संशोधनासाठी वेगळी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं केली आहेत. एका घरातल्या एकाच बाईची मुलाखत घ्यायची, ती पूर्ण एकांतात. अभ्यास हिंसेवर आहे हे वस्तीत जाहीर करायचं नाही, महिलांच्या आरोग्यावर आहे असं सांगायचं. मध्येच कुणी आत आलं तर विषय बदलायचा. आमच्या मुलाखतकार मुलींकडे त्यासाठी वेगळा कागद तयार असतो, पाळीच्या त्रासाचे, रक्त कमी असण्याचे प्रश्न लिहिलेला. सासू दारात आली की प्रश्न तिथे वळतो आणि समोरची बाईही क्षणात उत्तरं त्याच सुरात द्यायला लागते. ती किती सरावलेली असते, हे तेव्हा कळतं. शिवाय जिथे पाठवायला सेल, वकील, निवारा यांतलं काहीच नाही, तिथे हे प्रश्न विचारायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. आधी ती सोय करा, मग प्रश्नावली घ्या.

करिअरचं थोडक्यात. नेट, पीएचडी, नोकरीच्या जागा यांच्या अडचणी इतर विषयांत आहेत तशाच इथेही आहेत. शोधनिबंध मोजले जातात, न्यायालयाच्या बाहेर बाईसोबत घालवलेला दिवस मोजला जात नाही. निधी देणाऱ्यांना किती प्रकरणं निकाली निघाली याचा आकडा हवा असतो, तेव्हा "ती वर्षभरानंतर सुरक्षित आहे का" हा प्रश्न प्रस्तावात घुसवण्यासाठी भांडावं लागतं. भांडा. वर्षभराने पुन्हा गाठणं खर्चिक आहे, नंबर बदललेले असतात, पण त्याशिवाय समज देऊन पाठवल्याचा परिणाम काय झाला हे कुणालाच सांगता येणार नाही. रोज हे ऐकल्याचा ताण येतो, झोप उडते. त्यासाठी तुमच्या मार्गदर्शकांशी आठवड्याची एक वेळ ठरवून घ्या, आणि मुलाखती एकट्याने करू नका.

तुमच्या प्रस्तावाबद्दल माझी सूचना एवढीच. विषय "कौटुंबिक हिंसाचाराची कारणे" असा घेऊ नका. एक तालुका घ्या, तिथल्या संरक्षण अधिकाऱ्यांना आधी भेटा, त्यांच्याकडे दुसऱ्या कोणत्या कामांचा भार आहे ते विचारा, आणि कौटुंबिक घटना अहवाल (तक्रार आल्यावर संरक्षण अधिकारी भरतात तो फॉर्म) भरल्यापासून पहिल्या आदेशापर्यंत एकेक प्रकरण कुठे किती दिवस थांबतं, ते परवानगी घेऊन आणि नावं झाकून मांडून बघा. त्या बायकांपैकी ज्या तयार असतील त्यांना विचारा की या काळात कुणाचं बोलणं उपयोगी पडलं. मग प्रस्ताव लिहा.