पावसाळ्यात ट्रेनरवर बसताना सोप्या फेरीसाठी वॅट मानावेत की ठोके

तुमचा प्रश्न वाचताना मला तीन वर्षांपूर्वीचा माझाच जुलै महिना आठवला. तुम्ही लिहिले आहे की पाऊस लागल्यापासून सायकल घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, लावलेली आहे, सरावाच्या योजनेने झोन टूसाठी, म्हणजे सोप्या फेरीसाठी, १४५ वॅट ठरवून दिले आहेत, सुरुवातीला हृदयाचे ठोके मिनिटाला १३० असतात, सव्वा तासाने ते १५४ पर्यंत चढतात, पाय मात्र भरून येत नाहीत. तेव्हा वॅट खरे मानायचे की ठोके, आणि ट्रेनरच बिघडला नसेल ना. ट्रेनर बहुधा ठीक आहे. गोव्याच्या पावसाळ्यात, बंद खोलीत, सोप्या फेरीपुरते ठोके खरे माना आणि वॅट खाली आणा. एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येतील एवढे वॅट, आणि तिच्या टक्क्यांवर पाडलेले झोन तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून पुढचे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही आणि प्रशिक्षकही नाही. अकरा आठवडे वाया घालवून जे कळले तेवढेच सांगते.

माझी एफटीपी मी फेब्रुवारीत काढली होती. केरीच्या बाजूने चोरला घाट चढताना, पहाटेच्या गार हवेत, २० मिनिटांची सरासरी २३० वॅट आली आणि तिचे ९५ टक्के म्हणून २१८ हा आकडा मी धरून बसले. माझ्या पेडलमध्ये फक्त डाव्या बाजूला मापक होता. असा मापक डाव्या पायाचा जोर मोजतो आणि त्याची दुप्पट करून दाखवतो. जूनमध्ये एक तयार योजना विकत घेतली, तिच्यात २१८ भरले आणि तिने झोन टूसाठी १५७ वॅट दिले. कागदावर हे ७२ टक्के, म्हणजे अगदी योग्य. ईआरजी मोड चालू केला की ट्रेनर १५७ सोडत नाही; आपण थकलो, तापलो, तहानेलो, त्याला त्याचे काही नसते.

माझी खोली तुमच्यासारखीच. तिरप्या पावसामुळे खिडक्या बंद, वर छताचा पंखा, भिंतींना ओल. अर्ध्या तासात सायकलखाली घामाचे थारोळे साचायचे, हँडलबारवर टाकलेला पंचा पिळला तर पाणी गळायचे. पहिल्या अर्ध्या फेरीत ठोक्यांची सरासरी १३३ आणि दुसऱ्या अर्ध्या फेरीत १४८ असायची. वॅटला ठोक्यांनी भागले तर पहिला भाग १.१८ आणि दुसरा १.०६, म्हणजे दहा टक्क्यांची घसरण. सोपी फेरी खरोखर सोपी असेल तर ही घसरण पाच टक्क्यांच्या आत राहावी असा साधारण दंडक आहे. हे आकडे रोज माझ्यासमोर होते. ठोके झोपेने, चहाने, उकाड्याने बदलतात, वॅट बदलत नाहीत, असे योजनेसोबत आलेल्या टिपणात लिहिले होते आणि मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवला. माझी खरी चूक ही. ठोके उकाड्याने बदलतात हे खरेच आहे, पण उकाडा हा शरीरावरचा खराखुरा भार असतो. हवेत इतकी आर्द्रता असते की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. अंग थंड करायला रक्त कातडीकडे वळते, घामाने रक्तातले पाणी कमी होते, प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जाते, आणि तेवढेच काम करायला हृदयाला जास्त वेळा धडधडावे लागते.

जुलैअखेर सकाळचे, अंथरुणातले ठोके ५२ वरून ६० वर गेले. रात्री दोनदा जाग यायची. मी त्याचे खापर दमट हवेवर फोडले आणि एकही दिवस चुकवला नाही. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाल्यावर पहिल्यांदा घाटावर गेले, तर अंजुणे धरण मागे टाकून चढ लागला न लागला तोच १८० वॅटही धरवेनात. सर्वांत भीती वाटली ती एका गोष्टीची, की जीव तोडून पेडल मारूनही ठोके १५० च्या वर जाईनात. पाय थकलेले असताना ठोके वर चढत नसतील तर ते तंदुरुस्तीचे लक्षण मुळीच समजू नका. शरीर आतून दमल्याचे ते एक ओळखीचे लक्षण आहे. ऑक्टोबरमधली ३०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, मला सोडावी लागली.

नंतर मी जे जून महिन्यातच करायला हवे होते ते केले. सायकल ट्रेनरवर लावून पेडलचे आकडे सायकलच्या संगणकावर आणि ट्रेनरचे आकडे फोनवर, असे एकाच वेळी २० मिनिटे नोंदवले. पेडल १६८ दाखवत होते तेव्हा ट्रेनर १५७ दाखवत होता. त्यातले दोन-तीन टक्के साखळीत जातात, ते सगळ्यांचेच जातात. उरलेला फरक माझ्या डाव्या पायाचा, जो उजव्यापेक्षा जास्त जोर लावतो. म्हणजे पेडलवरचे २१८ हे ट्रेनरच्या मापाने जेमतेम २०४ होते. त्याच खोलीत, त्याच हवेत चाचणी घेतली तर १९२ आले. १५७ हे १९२ चे ८२ टक्के होतात. अकरा आठवडे, आठवड्यातून चार वेळा, झोन टू समजून मी टेम्पो, म्हणजे त्याच्या वरच्या झोनमधला जड सराव, करत होते. हंगाम चालू असताना या आकड्यांबद्दल मी विक्रेत्याच्या मदत केंद्राला तीन वेळा सविस्तर लिहिले होते आणि तिन्ही वेळा फर्मवेअर अद्ययावत करा एवढेच उत्तर आले. एकाही माणसाने पेडल एकतर्फी आहे का, एवढे विचारले असते तर माझा हंगाम वाचला असता. याची चीड मला आजही येते.

तुम्ही कमाल ठोके २२० वजा वय या सूत्राने काढले आहेत, ते आधी बाजूला ठेवा. त्या सूत्रात एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्याऐवजी ३० मिनिटे, टिकेल तेवढ्या जोराने, एकट्याने चालवा आणि शेवटच्या २० मिनिटांच्या ठोक्यांची सरासरी घ्या. माझी ती १६३ आहे आणि तिच्या ८९ टक्क्यांवर, म्हणजे १४५ वर, मी सोप्या फेरीची वरची मर्यादा आखली आहे. ठोके तिथे पोचले की ईआरजी बंद करून वॅट पाच-पाचने उतरवते, मग ते १३० झाले तरी चालतात. याउलट एक ते तीन मिनिटांच्या जोरदार इंटरव्हलमध्ये ठोक्यांकडे पाहण्यात अर्थ नाही, कारण ते वर येईपर्यंत इंटरव्हल संपत येते. तिथे वॅटच धरावेत. उकाड्यात मुद्दाम सराव करून अंग सरावते आणि त्याचा फायदा होतो असे काही जण सांगतील, ते चूक नाही, पण ते दोन आठवडे मोजून-मापून करायचे काम आहे. अख्खा पावसाळा नकळत तापत राहणे वेगळे.

वॅट उतरवण्याआधी जोराचा उभा पंखा समोरून, छातीच्या उंचीवर लावा. छताच्या पंख्याने काही होत नाही. माझ्याकडे एवढ्या बदलानेच तासाअखेरचे ठोके आठ-नऊने उतरले. फेरीआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. माझे एका तासात सव्वा किलो जात होते आणि मी एक बाटली पाणी पीत होते. मिठासाठी महागड्या गोळ्या आणायची गरज मला कधी पडली नाही. आमसुलाचे मीठ घातलेले पाणी बाटलीत आणि नंतर पेज, सोबत मिठातले तोर, म्हणजे खारवलेल्या कैऱ्या, एवढ्यावर माझे भागते. हँडलबारच्या बोल्टवर पंचा टाकत जा, घामाने ते गंजतात आणि गंजलेले बोल्ट रस्त्यावर तुटले तर जिवावर बेततात. छातीचा पट्टा दर वेळी धुऊन पंख्याखाली वाळवा. या हवेत त्यावर बुरशी धरते आणि मग तो वाटेल ते आकडे दाखवतो.

पंखा, पाणी आणि कमी वॅट हे सगळे करूनही ठोके चढेच राहिले तर रक्त तपासून घ्या आणि हिमोग्लोबिनसोबत फेरिटीनही तपासायला सांगा, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. छातीत दुखणे, चक्कर किंवा ठोके मध्येच चुकल्यासारखे वाटणे यातले काहीही असेल तर माझे सगळे सांगणे सोडून आधी डॉक्टरांकडे जा.

तुमच्या पेडलमध्ये मापक एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना, आणि ती १४५ ची योजना कोणत्या महिन्यातल्या, कुठे घेतलेल्या चाचणीवर बेतली आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. समोर पंखा लावून तीच सव्वा तासाची फेरी एकदा करा आणि या दोन गोष्टींबरोबर दोन्ही अर्ध्या भागांच्या ठोक्यांची सरासरी कळवा. मग वॅट किती उतरवायचे ते आकडे पाहून सांगते.