स्वारगेट ते शनिवारवाडा: रोजची वाट सरत नसेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज स्वारगेटहून शनिवारवाड्यापर्यंत पायी जावं लागतं, साधारण तीन किलोमीटर. कानात गाणी घालूनही कंटाळा जात नाही. गाण्यांशिवाय, नुसत्या कल्पनेच्या जोरावर ही वाट आवडायला लागेल का?

लागेल. तुम्हाला मिळालेला रस्ता तर या कामासाठी फारच चांगला आहे. आधी मात्र कल्पना कशी चालवायची ते नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. चालताना मन मोकळं सोडलं की ते ऑफिसच्या कामाकडे नाहीतर कालच्या भांडणाकडे धावतं. वाट तशीच राहते आणि डोकं मात्र शिणतं. म्हणून डोळ्यांसमोरची एक खरी वस्तू धरायची आणि तिला एकच नेमका प्रश्न विचारायचा. वस्तू नजरेआड झाली की प्रश्नही सोडून द्यायचा.

माप असं ठेवा. मध्यम चालीत मिनिटाला शंभरेक पावलं पडतात, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर मीटर. तीन किलोमीटरला चार हजार पावलं, चाळीस मिनिटं धरा. पहिली पाच मिनिटं काहीच करू नका, श्वास आणि चाल जुळू द्या. मग शंभर पावलं नुसतं बघायचं आणि पुढची शंभर जे पाहिलं त्यावर कल्पना लढवायची. एका फेरीला असे चार-पाच डाव पुरे. पावलं मोजायचा कंटाळा असेल तर दोन विजेच्या खांबांमधलं अंतर धरा. सतत चाळीस मिनिटं कल्पना करत राहिलात, तर तिसऱ्या दिवशी तोही गृहपाठ वाटायला लागेल.

आता रस्त्याकडे. जाताना सारसबागेच्या कडेने बाजीराव रस्ता धरा आणि येताना शिवाजी रस्ता. दोन्ही जवळजवळ समांतर आहेत, पण स्वभाव अगदी वेगळे.

सारसबागेपाशी पाण्याचा डाव खेळा. तिथल्या गणपतीला आजही तळ्यातला गणपती म्हणतात, पण तळं कुठे आहे? नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढा अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं होतं आणि मधे बेट राखलं होतं. त्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, 1784 साली, गणपतीची स्थापना झाली. पुढे तळं आटवलं आणि बाग झाली. आज देऊळ उंचवट्यावर दिसतं ते त्यामुळेच, तो उंचवटा म्हणजे जुनं बेट. सगळं तळं एकदम डोळ्यांपुढे आणायला जाऊ नका, ते विरघळतं. बागेच्या भिंतीवर एक रेघ निवडा, गुडघ्याच्या उंचीची. पाणी तिथवर आहे असं धरा आणि एवढंच ठरवा: आज पूजेची फुलं घेऊन येणारी होडी कुठल्या काठाला लागली असेल? पावसाळ्यात उत्तर वेगळं येईल, उन्हाळ्यात वेगळं. हा डाव वर्षभर पुरतो.

पुढचा डाव पायाखालचा. कात्रजला दोन तलाव बांधून तिथलं पाणी शहरात आणण्याचं काम नानासाहेबांच्याच काळात, 1750 च्या सुमारास झालं. जमिनीखालून दगड-चुन्याचा नळ, पंप नाही, चाक नाही. सगळा भरवसा उतारावर. मधे मधे उच्छ्वास बांधले, म्हणजे उंच चौकोनी बुरूज. नळात कोंडलेली हवा तिथून बाहेर पडावी आणि गाळ काढता यावा म्हणून. शेवटी पाणी हौदांत पडायचं. ते हौद आता बहुतेक नावांतच उरलेत: काळा हौद, फडके हौद, साततोटी.

म्हणजे तुम्ही आणि ते पाणी एकाच दिशेने, नदीकडे, उतरत असता. हा उतार पायांना कळतो का ते बघा. टाच आधी टेकते की चवडा? येताना पोटऱ्या किती ताणतात? उतार कळत नसेल तर पावसाच्या दिवशी रस्त्याकडेच्या पाण्याची धार बघा, ती कुठे वळते आणि कुठे साचते. साचते तिथे मागाहून केलेल्या रस्त्याने जुना उतार मोडलेला असण्याची शक्यता मोठी. सप्टेंबर 2024 पासून याच पेठांखालून स्वारगेटची मेट्रोही धावते, मंडई आणि कसबा पेठ ही तिची भुयारी स्टेशनं. एकाच जमिनीखाली अडीचशे वर्षांपूर्वीचं पाणी आणि आजची गाडी. त्यातलं आज कुठलं ऐकायचं ते ठरवून निघा. दोन्ही एकदम नकोत.

नावांचा डाव सगळ्यात सोपा आणि मुलांबरोबर फार रंगतो. पुण्यातल्या देवांची नावं तुम्हाला माहीत आहेतच: जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, डुल्या मारुती, खुन्या मुरलीधर. नियम एवढाच की नावाचा उगम शोधण्याआधी स्वतःच्या तीन शक्यता मांडायच्या, आणि त्यातली एक तरी अगदी साध्या व्यवहारातली हवी. मोबाईल घरी पोचल्यावर उघडायचा. साधी शक्यता का, ते सांगतो. पासोड्या विठोबा म्हटलं की मन देवाला थंडी वाजल्याच्या गोष्टीकडे जातं, पण तिथे पासोड्या, म्हणजे जाड सुती पांघरुणं, विकणाऱ्यांचा बाजार भरायचा, म्हणून ते नाव. जिलब्या मारुतीला हलवाई जिलब्यांची माळ घालायचा, असं सांगतात. व्यवहारातून आलेलं नाव ओळखायची सवय लागली की पाट्या वाचण्यातही मजा येते. तांबट आळी, बुरूड आळी, बोहरी आळी या पाट्यांवर तर धंदा आणि माणसं सरळ लिहिलेली आहेत.

विश्रामबागवाड्यासमोर मात्र कल्पना थांबवा आणि नुसतं बघा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा बाजीराव रस्त्यावरच आहे. दर्शनी भागातले लाकडी सुरूदार खांब एकेक करून बघा: खाली कमळाच्या पाकळ्यांसारखा फुगीर भाग, वर सुरूच्या झाडासारखा निमुळता होत गेलेला. एका दिवशी एकच खांब. लाकूड कुठे काळवंडलंय, कुठे हाताने गुळगुळीत झालंय, पाकळीची कड कुठे तुटलीय. एवढं पाहिलंत की पुढच्या शंभर पावलांत सुताराचे हात आपोआप येतात. वस्तू जवळून न पाहता केलेली कल्पना नेहमी सिनेमातल्या सेटसारखी निघते, आणि तिचा कंटाळाही लवकर येतो.

येताना शिवाजी रस्त्यावर मंडईचा अष्टकोनी मनोरा लागतो. ही इमारत 1886 ची. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता, पैसा शिक्षणावर घाला म्हणून, आणि आज मंडईला नाव त्यांचंच आहे. इथे कल्पनेला एक सरळ काम द्या: मनोऱ्याभोवती आठ दिशांनी आज काय काय आलं असेल? वाटाणा कुठून, आल्याची पोती कुठून? वासावरून तीन भाज्या ओळखायच्या, चौथी नजरेने.

एखाद्या दिवशी वेळ असेल तर दहा मिनिटं वाट वाकडी करून कसब्यातल्या तांबट आळीत जा. तिथे डोळ्यांआधी कानांचं काम. हातोडीचे ठोके ऐकून भांडं पातळ आहे की जाड, घडवणं चाललंय की मठारकाम, म्हणजे घडवलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या खुणा उठवणं, याचा अंदाज बांधा. मठारकामाचे ठोके हलके, सारख्या अंतरावर आणि न थांबता पडतात, कारण प्रत्येक ठोक्याची खूण शेजारच्या खुणेला खेटून बसायला हवी. नंतर दुकानात तांब्याच्या घागरीवर त्या खुणा बघा. ऐकलेला ताल तिथे डोळ्यांना दिसतो.

आता काय बिघडतं ते. सर्वात मोठा धोका रस्ता ओलांडताना. चौक आला की चित्र बंद, हा नियम सवयीचा झालाच पाहिजे. अप्पा बळवंत चौकात किंवा मंडईसमोर मनात होडी चालवत रस्ता ओलांडायचा नाही. वरच्या मजल्यांचे सज्जे आणि खिडक्या थांबूनच बघायच्या, कारण आपल्या पदपथांवर निसटलेली फरशी, उघडी झाकणं आणि चढलेल्या दुचाकी हे सगळं एकाच वेळी असतं. इयरफोन तर काढाच. मागून येणारं वाहन ऐकू येणं जास्त महत्त्वाचं.

दुसरी चूक माहिती गोळा करण्याची. आठवडाभर सनावळ्या वाचून निघालात की डोळे इमारतीवर आणि मन परीक्षेत. एका जागेची एकच गोष्ट माहीत असू द्या. तिसरी चूक जड विषय रोज घेण्याची. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. त्या पातळीची कल्पना करणं आवश्यक वाटतं, कारण त्याशिवाय नदीकडच्या बाजूला जुने वाडे इतके विरळ का हे कळत नाही. पण तो डाव वर्षातून एकदा, जुलैत, आणि शांतपणे करावा. त्यात माणसं गेली आहेत.

दोन-तीन महिन्यांनी सगळंच ओळखीचं वाटायला लागेल. तेव्हा रस्ता बदलू नका, पदपथाची बाजू बदला. समोरच्या बाजूने तीच दुकानं पूर्ण दिसतात, पाटीपासून कौलांपर्यंत.

शेवटचा डाव शनिवारवाड्यापाशी. तुम्ही दक्षिणेकडून येता म्हणून आधी तट दिसतो, खाली दगड आणि वर वीट. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे आहे, तिथे वळसा घालून जा. दाराच्या प्रत्येक झडपेवर बहात्तर खिळे आहेत, प्रत्येक साधारण फूटभर लांब. कपाळ टेकवून दार रेटणाऱ्या हत्तीसाठी केलेले. पूर्ण वाढलेला नर हत्ती खांद्यापाशी नऊ-दहा फूट भरतो. दारापासून पाच-सहा पावलं मागे उभे राहा, ती उंची दारावर नजरेने धरा आणि खालून कितवी ओळ त्याच्या कपाळाला लागली असती ते मोजा. मग माहुताच्या जागी बसून तेच दार बघा. एवढ्यात ऑफिसची वेळ होते.