‘एकमेकांची उन्नती करा’ : ही उन्नती कोणती?

प्रश्न असा आहे : चर्चमध्ये ‘एकमेकांची उन्नती करा’ असे ऐकू येते. इथे उन्नती म्हणजे प्रगती, की प्रोत्साहन? बोलताना दुसरा शब्द वापरला तर चालेल का?

हे वाक्य बायबलच्या नव्या करारातले, प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातले (१ थेस्सलनीकाकरांस ५:११). तिथे मूळ ग्रीक क्रियापद ‘ओइकोदोमेओ’ आहे, आणि त्याचे नाम ‘ओइकोदोमे’ : ओइकोस म्हणजे घर, आणि पुढचा भाग बांधण्याचा. मत्तय २४:१ मध्ये मंदिराच्या इमारतींसाठीही हेच नाम आले आहे. उन्नती मात्र ‘उत् + नम्’पासून आलेला, म्हणजे वर जाण्याचा शब्द. त्यात घर नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच. आजच्या कानाला उन्नती म्हटले की ‘आर्थिक उन्नती’ आठवते, नाहीतर एकट्या साधकाची आत्मिक उन्नती. पौलाला अभिप्रेत आहे ती सगळ्या मंडळीची, म्हणजे चर्चमधल्या सगळ्या समुदायाची, जडणघडण. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १४:४) तो हा फरक स्वच्छ मांडतो : अन्य भाषेत, म्हणजे प्रार्थनेत इतरांना न कळणाऱ्या भाषेत, बोलणारा स्वतःची उन्नती करतो, देवाचा संदेश देणारा मंडळीची. म्हणूनच पुढे नियम येतो, की अन्य भाषेत दोघांनी किंवा फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावे. अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प राहावे. जे इतरांना कळत नाही त्याने मंडळी बांधली जात नाही.

(इथे ‘मंडळी’ एकवचनी : ‘मंडळी वाढते’. ‘मंडळी जेवायला बसली’ यातली मंडळी वेगळी.)

पर्यायांचे म्हणाल, तर ‘उभारणी’ अर्थाला सर्वांत जवळची. पण ‘मंडळीची उभारणी’ म्हटले की लोकांना बांधकाम निधी आठवतो. ‘बांधणी’ला पक्षबांधणीचा वास येतो. ‘प्रोत्साहन’ अपुरे आहे, कारण १ करिंथ १४:३ मध्ये उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन अशा तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. नुसते कौतुक तर नाहीच. थेस्सलनीकाच्या त्याच अध्यायात, १४व्या वचनात, बेशिस्त वागणाऱ्याची कानउघाडणी, खचलेल्याला धीर आणि अशक्ताला आधार असे माणसागणिक वेगळे काम दिले आहे. कानउघाडणीच्या जागी धीर दिला तर चूक तशीच राहते, खचलेल्याची कानउघाडणी केली तर तो येणेच सोडतो.

माझ्या मते बायबलच्या वाचनात ‘उन्नती’च ठेवावी, ती रुळलेली आहे. प्रवचनात किंवा घरच्या प्रार्थनासभेत खचलेल्या माणसाबद्दल बोलताना ‘उभारी देणे’ हा अस्सल मराठी प्रयोग वापरावा, आणि सगळ्या मंडळीबद्दल बोलताना ‘एकमेकांना धरून मंडळी उभी करणे’ असे उलगडून सांगावे.

व्याकरणाचे एवढेच, की ‘एकमेकांना उन्नती करा’ हे चूक. उन्नती, सांत्वन, कानउघाडणी यांच्यासोबत षष्ठी येते : एकमेकांची उन्नती, एकमेकांचे सांत्वन. उत्तेजन, धीर, उभारी ‘द्यायची’ असते, म्हणून तिथे ‘एकमेकांना’.